हिंगुळाचं मूळ

देवासात राजे दोन, म्हणून नवा माणूस आला की तो थोरल्या पातीच्या राजाकडचा की धाकट्या, एवढं विचारून लोक गप्प बसत. आमचे शेजारी आप्पा मात्र त्याला अडवून म्हणत, "हिंगूळ हा शब्द कुठून आला, सांगता येईल?"

माणूस बिचारा गोंधळून जाई. "तांबडा रंग तो. पोथीत रेघा ओढतात, बायका कपाळाला लावतात..."

आप्पा हात जोडत. "वापर नका सांगू, भिया. मूळ सांगा, मूळ!"

आप्पा दरबारच्या दफ्तरातून पेन्शनीत निघालेले आणि घरी पोथ्या उतरवत बसणारे. दफ्तरातल्या मुन्शींनी त्यांना हिंगुळाचं फारसी नाव 'शंगर्फ' ऐकवलं, तेव्हा ते चार दिवस घसा खरवडत तोच शब्द म्हणत हिंडले. एका गोसाव्यानं हिंगलाजदेवीचं नाव घेतलं. त्याला पोटभर जेवू घालून आप्पा त्याच्याशीच भांडले, "देवीवरून रंग, की रंगावरून देवी?"

सोनकच्छच्या बाजारात तर कहर झाला. आप्पांनी वाण्याकडे हिंगूळ मागितला. माळव्यात त्याला म्हणतात हिंगलू. वाण्यानं थोडा विचार करून दोन पुड्या बांधल्या, एक हिंगाची, एक गुळाची. "लो पंडतजी, हींग ने गुड़!" मी पोट धरून हसलो. आप्पा मात्र घर येईपर्यंत गंभीर होते. दारात उतरताना म्हणाले, "हिंग अधिक गूळ, नाही जमत. एक 'ग' जास्त होतो."

हे वेड त्यांना उगीच लागलं नव्हतं. त्यांची मुलगी गोदू लहानपणापासून त्यांच्या पोथ्यांना हिंगुळाच्या रेघा आखायची, कडेनं वेली काढायची. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ती विधवा होऊन माहेरी आली. आप्पांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, तिच्या हातातली लेखणी काढून घेतली. "हिंगूळ म्हणजे सौभाग्य. आता शिवायचं नाही." हे सांगणाऱ्या आक्का स्वतः बालविधवा, अंगावर विधवेचं लाल लुगडं, आलवण! मी एकदा तसं बोलून बसलो आणि त्या घरातला माझा चहा बंद झाला.

आक्कांनी आप्पांना लहानाचं मोठं केलेलं. त्यांचा शब्द आप्पांना मोडवेना आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसलेली पोर पाहवेना. शब्दाच्या मुळात सौभाग्य नाही एवढं सिद्ध झालं, की गोदूचा हात मोकळा होणार होता.

शेवटी आम्ही दोघं धारला एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेलो. त्यांनी कोश चाळले, डोळे मिटले आणि सरळ सांगितलं, "शब्द फार जुना. मूळ मला ठाऊक नाही."

मला वाटलं, आप्पा खचणार. पण हा गृहस्थ परतीच्या वाटेवर गाडीत चक्क गुणगुणत होता.

घरी आल्या आल्या म्हणाले, "आक्का, हिंगुळाचं मूळ शास्त्रीबुवांनाही ठाऊक नाही. मग त्यात सौभाग्य आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

आप्पांनी स्वतः हिंगूळ खलला आणि गोदूच्या हातात लेखणी दिली. तिची पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी सरळ आली.

आक्कांनी पोथी जवळ ओढून ती रेघ पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "मलाही रांगोळीत लाल भरायला फार आवडायचं, रे. माझ्या वेळी कुणी का नाही गेलं धारला?"

आप्पा तेव्हा पाळण्यात असतील. पण तसं त्यांना सांगवेना. ते आक्कांपाशी जाऊन बसले आणि ढसढसा रडू लागले.