नबाबाच्या पायाला खडी टोचते

ज्या घराला मुक्या जनावराचं दुःख कळतं ते घर सुसंस्कृत समजावं, असं जाणते लोक सांगतात. (बोलत्या प्राण्यांविषयी त्यांनी कोणतेही निर्देश दिलेले नाहीत.) या कसोटीवर गल्लीच्या कोपऱ्यावरचं ते घर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतं. घरात चौघं: मुलगा, सूनबाई, बाबा आणि नबाब. नबाब हा तांबूस रंगाचा, लोंबत्या कानांचा, नऊ वर्षांचा कुत्रा. बाबा म्हणजे मुलाचे वडील.

घरामागे अंगण आणि पलीकडच्या भिंतीशी एक लाकडी बाक. हात धड होते तेव्हा बाबांनी तो स्वतः बनवलेला. सकाळचं ऊन अख्ख्या घरात फक्त तिथंच पडतं. चहाचा कप घेऊन त्या उन्हात बसावं, एवढंच बाबांना आता आयुष्याकडून हवं होतं. मध्ये आडवी आली ती खडी. चिखल होऊ नये आणि दिसायला झकास, म्हणून अंगणभर पसरलेली. तिच्यात बाबांची काठी रुतायची आणि पाय मुरगळायचा.

बाबांनी विषय रीतसर मांडला. मुलगा म्हणाला, बघू. ('बघू' हा या घरातला सर्वोच्च दर्जाचा नकार असून त्यावर अपील चालत नाही.) सूनबाई मायाळू. त्या म्हणाल्या, तिकडे जायचंच कशाला, आत पंख्याखाली बसा की निवांत. दोन वर्षं हे असंच, पालथ्या घड्यावर पाणी. बाबा खिडकीतून बाकाकडे बघत बसायचे आणि बाकावर कावळे बसायचे.

मग एके दिवशी नबाब लंगडला.

घर हादरलं. मुलाने रजा टाकली. जनावरांच्या डॉक्टरांनी पंज्याच्या बेचक्यातून हरभऱ्याएवढी खडी काढली आणि या वयात सांध्यांना असली जमीन बरी नव्हे, असं बजावलं. घरी आल्यावर मुलगा मागच्या दारात उकिडवा बसला, पंजा हातात घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

"बिचाऱ्याला बोलता येत नाही ना," तो म्हणाला. "नाहीतर कधीच सांगितलं असतं त्याने."

बाबा मागेच उभे होते. शहाण्याला शब्दाचा मार. आपलं घोडं इतके दिवस कुठे अडलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं: त्यांना बोलता येत होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण वाईट वाटून बाक काही जवळ येत नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःविषयी बोलणं बंद केलं आणि नबाबाचे अधिकृत प्रवक्ते म्हणून कार्यभार स्वीकारला.

नबाबाला मागची पायरी उंच पडते, असं त्यांनी निदर्शनास आणलं. आठवड्यात पायरीच्या जागी उतरण झाली. उतरणीला कठडा हवा म्हटल्यावर मुलगा जरा थबकला. कुत्रा कठडा धरतो कुठे? पट्टा अडकवायला, बाबा म्हणाले. कठडा आला. (कमरेच्या उंचीचा. कोणाच्या कमरेच्या, हे मोजायचं राहून गेलं.) बाकाची फळी नबाबाला गार लागते, तर बाकावर गादी आली. एकूण आकडेवारी बोलकी आहे: बाबांनी स्वतःच्या नावे केलेल्या विनंत्या सतरा, मंजूर शून्य. नबाबाच्या नावे केलेल्या पाच, मंजूर सहा.

राहिला मूळ प्रश्न, खडीचा: ती ठेवायची की काढून कृत्रिम हिरवळ अंथरायची. त्यासाठी हिरवळवाल्याला पाचारण करण्यात आलं. खडीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं: पाणी झटकन मुरतं, वास राहत नाही, उन्हात फार तापत नाही. पण हिरवळवाला तयारीचा गडी. खडी टोचते, कुत्रं ती गिळतं, उकरून घरभर करतं, असं सांगून त्याने शेवटी हुकमी पान टाकलं. त्याची हिरवळ खायला मागत नाही, प्यायला मागत नाही, आहे तिथे गुमान पडून राहते आणि कधी तक्रार करत नाही. घरात असं काहीतरी असावं, अशी इच्छा सूनबाईंनी बोलून दाखवली. (बोलताना त्यांची नजर बाबांकडे गेली. त्यात हेतू काही नव्हता.)

तीन नमुने जमिनीवर मांडले: लांब पातीचा मऊशार, मध्यम आणि आखूड पातीचा घट्ट. काठी रुतणार नाही असा शेवटचाच. नबाबाने तिन्ही हुंगले आणि आखूड पातीवर बसकण मारली. लाभार्थ्याने स्वतः कौल दिल्यावर चर्चा संपली. (तिथे आधी बिस्किटाचा चुरा कोणी सांडला होता, याची नोंद नाही.)

खडी गेली, हिरवळ आली. पहिल्याच सकाळी बाबा काठी काखेत मारून, कप घेऊन, कठडा धरत उतरण उतरले. पुढे काठी टेकणार, तोच सूनबाईंचा आवाज आला.

"बाबा, काठी नको हं त्यावर! भोकं पडतील."

हिरवळवाल्यानेही टोकदार वस्तूंना मनाई केली होती. (नबाबाची नखं नैसर्गिक असल्यामुळे त्यांना सूट होती.) बाबा तसेच उभे राहिले. बाक समोर, बाकावर ऊन, हातात चहा गार होतोय. दोन वर्षांत बाक इतका जवळ कधी आला नव्हता. एकदा मनात आलं, मोठ्याने ओरडून सांगावं. पण ओरडणं म्हणजे पुन्हा बोलणंच.

"नबाबाला तिकडे एकट्याला भीती वाटते," ते म्हणाले.

मुलाने धावत पट्टा आणून बाबांच्या हातात दिला आणि काठी काढून घेतली. नऊ वर्षांचा तो शहाणा जीव बाबांच्या पावलाशी पाऊल जुळवत चालला, बाबा पट्ट्याच्या आधाराने चालले आणि दोघं बाकावर पोचले. मुलाने फोटो काढला. नबाब किती खूश दिसतोय, असं सगळ्यांचं मत पडलं. फोटोत बाबांचं कोपर छान आलंय.

आता बहुतेक वाचकांना एकच चिंता असेल: नबाबाला हिरवळ मानवली का? मानवली. पंजा बरा आहे, आणि दुपारी हिरवळ तापते म्हणून सूनबाई तिच्यावर पाणी मारतात. चौकशीबद्दल घरच्यांच्या वतीने आभार. त्याचं नाव, रंग, वय आणि कानांची ठेवण तुम्हाला पहिल्या परिच्छेदातच सांगून झाली. बाबांचं वय आणि नाव या गोष्टीत कुठेही आलेलं नाही. इथवर वाचताना तुमचंही त्यावाचून काही अडलं नाही.