सोलांजबाईंची क्यूबेकच्या कोटावरील दुसरी स्वारी

श्रोते सावध असावे. पातशाह्यांचे हाल लिहिणारे बहुत जाहले, परंतु माँट्रियल शहरी, रोझमाँ पेठेत, बाहेरून लोखंडी जिना असलेल्या दुमजली घरात जे रण माजले त्याची नोंद कोणी ठेविली नाही, आणि आम्ही त्याच गल्लीचे पुराणे रहिवासी, समोरच्या जिन्यावर बसून सर्व पाहणारे व न पाहिले तेही जाणणारे, म्हणून हे लिहिणे आमचेच कपाळी आले. यात खोटे एक अक्षर नाही. मीठमसाला मात्र लागेल तितका आहे.

त्या घराचे तळमजल्यावर राजेश्री रेआल पाकेत, शाळेच्या पिवळ्या बसचे सारथी, स्वभावे गाईहून गरीब, ज्यांचे मुखातून 'नाही' हा शब्द कधी कोणी ऐकिला नाही, आणि त्यांचे कुटुंब सोलांजबाई, बोलणे थोडे आणि लक्षात ठेवणे फार. वरचे मजल्यावर रेआलरावांची थोरली बहीण पिएरेटबाई आणि तिचे यजमान गाएतां, ज्यांस या पृथ्वीतलावरील कोणत्याही गोष्टीची माहिती नाही ऐसे होत नाही, आणि ती माहिती न मागता मिळते. खाली चमचा पडला तरी वर इतल्ला पोहोचे.

आता मूळ कलह कैसा, ते ऐकावे. तीस-बत्तीस वर्षांमागे रेआलराव व सोलांजबाईंचा विवाह जाहला आणि नवराबायकोने दोन दिवस क्यूबेकच्या कोटाआत, जुन्या तटबंदीचे कुशीत, एकांती राहावे ऐसे ठरले. परंतु रेआलरावांपाशी गाडी नव्हती, गाडी गाएतां यांची, म्हणून गाएतां आले, आणि गाएतां आले म्हणून पिएरेटबाई आल्या, आणि मग गाएतां यांनी फर्मान काढिले की कोटाआत शिरले म्हणजे कोट दिसत नाही, कोट पाहावा तो नदीपलीकडून, आणि त्यांचा चुलता पलीकडे लेव्ही गावी राहतो. येणेप्रमाणे नव्या नवरीने दोन दिवस पैलतीरी चुलत्याचे अंगणात बसून पाण्यापार तो गड पाहिला आणि माघारी आली. पहिली स्वारी ती अशी फसली, आणि त्यानंतर जितक्या सहली जाहल्या त्या सर्व चौघांच्या जाहल्या.

यंदाचे साली ऑगस्ट महिन्यात सोलांजबाईंनी मसलत केली. ऑक्टोबरात सोमवारास जोडून लांब सुटी येते, ती धरून, कोटाआत जुन्या मठामागील एका लहान सराईतील माळ्यावरची खोली गुपचूप राखून ठेविली, आणि मग यजमानांस बस धुण्याचे जागी गाठून आज्ञा केली की जाणे दक्षिणतीराने, वीस क्रमांकाचे रस्त्याने, कारण उत्तरतीराचा चाळीस त्र्वा-रिव्हिएर गावावरून जातो, आणि तेथे युगेट आत्या खिडकीत बसून असतात, त्यांचे दारावरून न थांबता जाणे म्हणजे पाकेत कुळात महापातक, आणि थांबले की आत्या गाडीत. आणि वरच्या मजल्यास या गोष्टीची हवाही लागू न देणे. रेआलरावांनी बहुत खुशीने मान डोलाविली. त्यांची मान सर्वांसच डोलते, हे बाई जाणत होत्या, तरी आशा सुटत नाही.

मग महिन्याअखेरीस मागील गल्लीत मक्याची पंगत बसली. सर्व बिऱ्हाडे कणसे सोलीत होती, मोठे पातेले उकळत होते, लोण्याचा हात कोपरापर्यंत गेला होता, आणि ऐशा बेसावध समयी गाएतां यांनी फर्माविले की ऑक्टोबरचे लांब सुटीत आपण दोघे गाडीवर बर्फ पडू नये म्हणून लावतात तो हिवाळी तंबू उभारू. आता रेआलरावांस 'नाही' म्हणता येईना आणि खोटेही बोलता येईना. फितूर कोणी बाहेरून आणिला नाही. किल्ला किल्लेदारानेच उघडिला.

"त्या सुट्टीत आम्ही क्यूबेकला जायचं म्हणतोय," ते कणसाकडे पाहत म्हणाले, आणि मग निव्वळ सवयीने पुढे बोलून गेले, "तुम्ही पण या ना."

सोलांजबाईंनी हातातले कणीस खाली ठेविले. त्यांस रडू येत होते आणि संतापही, आणि गल्लीभर माणसे होती म्हणून दोन्ही गिळावे लागले.

तेथून पुढे मोहिमेची सूत्रे गाएतां यांचे हाती गेली. त्यांनी सांगितले की कोटाआत गाडी लावावयास जागा नसते, तेथील सराया परदेशी पाहुण्यांस लुटण्यासाठी असतात, खोली रद्द करावी, चुलता वारला परंतु चुलतभाऊ आहे, मुक्काम लेव्हीस करावा, आणि जाणे चाळीसने. पिएरेटबाईंनी रसदेची तजवीज मांडिली, कडा कापलेली सँडविचे, आणि डुकराच्या खिम्याचा मसालेदार क्रेतों, जो त्या पावास लावून देतात आणि कोणास नको म्हणू देत नाहीत. युगेट आत्यांस दूरध्वनी गेला आणि त्यांनी त्याच दिवशी बोचके बांधून दाराशी ठेविले.

सोलांजबाईंनी आदळआपट केली नाही, आणि खोलीही रद्द केली नाही. त्यांनी यजमानांस जिना दाखविला आणि वर जाऊन साफ सांगून या म्हणाल्या. रेआलराव गेले, आणि घटकाभराने फळांच्या केचपची बरणी घेऊन उतरले, बोलणे राहून गेले होते. आठवड्याने पुन्हा धाडिले, तेव्हा गाएतां यांचे चुलतभावाची सासूही येणार हे ठरवून आले. ऐसा हेजीब, म्हणजे दूत, ज्याचे पदरी, त्यास वेगळा शत्रू कशास हवा?

मग सुटीचे आदल्या गुरुवारी बाईंनी आपली एकटीची लहान पेटी पलंगावर ठेविली आणि त्यात कपडे भरू लागल्या.

रेआलरावांनी विचारिले, हे काय.

"मी उद्या बसने जातेय," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे या लेव्हीला. मला हात करा तिथून."

हे बोलणे आवाज न चढविता झाले म्हणून अधिक लागले. रेआलरावांनी त्या पेटीकडे पाहिले, या बाईने आपणापाशी उभ्या जन्मात मागितले ते इतकेच, हे त्यांस प्रथमच समजले, आणि मग ते कोणी न सांगता जिना चढले. आम्ही समोरून पाहिले, कठडा घट्ट धरला होता.

"गाएतां, ह्या वेळेला तुम्ही यायचं नाही," ते दारातच म्हणाले.

गाएतां यांनी हातातला पेला खाली ठेविला. "का रे? भांडण झालंय का तुमचं?"

"नाही. पण होईल. आणि मग ती परत येईल का, ते मला माहीत नाही."

यावर गाएतां यांस सांगण्याजोगी काहीच माहिती निघाली नाही, ऐसा प्रसंग त्या घरात पूर्वी कधी घडला नव्हता. ते इतकेच म्हणाले की आत्यांचे बोचके आपण पाहून घेऊ.

परंतु खरी लढाई शुक्रवारी सकाळी मागील सज्ज्यावर, कपड्यांच्या दोरीपाशी जाहली. पिएरेटबाई खाली आल्या, हाती क्रेतोंचा डबा, डोळे सुजलेले, आणि सोलांजबाईंनी पदरचे सर्व जुने हिशेब काढावयाची तयारी केली. मग पिएरेटबाई जे बोलल्या त्याने ती तयारी जागीच राहिली.

"तू जा गं. त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण मी दोन दिवस ह्या माणसाबरोबर एकटी काय करू? आम्ही दोघंच कधी बसलोच नाही गं. तुम्ही असायचात ना. मी बोलायचं काय त्याच्याशी?"

सोलांजबाईंनी हातातले चिमटे टोपलीत टाकिले. इतकी वर्षे आपण ज्यास शत्रूचा वेढा समजलो ती भ्यालेली माणसे होती, हे त्यांचे ध्यानी आले आणि नणंदेची त्यांस दया आली, आणि स्वतःचीही.

"मला तरी कुठे माहितीये रेआलशी काय बोलायचं ते," त्या म्हणाल्या. "तेच बघायला चाललेय. जमलं तर सांगेन तुला."

दोघी हसल्या, एकीने नाक पुसले, क्रेतोंचा डबा स्वीकारला गेला, आणि तह पुरा जाहला.

मग बसचा बेत सोडून दोघांची खासा स्वारी, रेआलरावांपाशी आता स्वतःची गाडी होती तीतून, वीसचे रस्त्याने निघाली. रेआलरावांनी वाटेत मेपलची झाडे तांबडी झाल्याचे दोनदा सांगितले, आणि बाईंनी दोनदा होकार दिला. पूल ओलांडून तिन्हीसांजेस सेंट-लुई दरवाजातून दोघे कोटाआत शिरली. गाडी लावावयास खरेच जागा मिळाली नाही, तीन फेऱ्या जाहल्या, आणि गाएतां यांचे म्हणणे खरे ठरल्याचे दुःख रेआलरावांनी मुकाट सोसले.

रात्रीचे जेवणास दोघे चढाच्या गल्लीतील एका खानावळीत गेली. दारातील मुलीने विचारिले, किती जण. रेआलराव सवयीने मागे वळून मोजू लागले. मागे कोणी नव्हते, ओला दगडी रस्ता होता.

"दोन," ते म्हणाले.

बसल्यावर पदार्थांची यादी आली आणि त्यांनी ती वाचिली, पालथी घातली, पुन्हा वाचिली. चौघे असता सर्वांचे मागविणे गाएतांच करीत. अखेर ते यादी खाली ठेवून पत्नीकडे पाहू लागले.

"सोलांज, तुला काय आवडतं खायला?"

"तुला माहीत नाही?"

"नाही," रेआलराव म्हणाले.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगावयास आरंभ केला. प्रथम खाण्याचे सांगितले, मग दुसरे काही, आणि खानावळीचे दिवे मालवू लागले तरी सांगणे चाललेच होते, आणि रेआलराव मान न डोलविता ऐकत होते. क्यूबेकचा कोट त्या राती हस्तगत जाहला. हे दप्तरी दाखल असावे.