तळ्याकडे तोंड केलेलं गॅरेज

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मी बायकोला एक वचन देऊन बसलो, आणि तेही पूर्ण शुद्धीत. सिर्कु इस्पितळात नर्स आहे. तिची पहाटपाळी असली की सगळं गाव साखरझोपेत असताना ती अंगणात उभी राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असते. तो खरखर आवाज मला अंथरुणात ऐकू येतो. (मी तेव्हा जागा असतो. पण उठून काही उपयोग नसतो, कारण खरवडणी एकच आहे. असं मी स्वतःला सांगतो.) त्या दिवशी ती विसरलेले हातमोजे घ्यायला परत आत आली. तिच्या पापण्यांवर बर्फ जमला होता आणि ती एक शब्द बोलली नाही. बायको बोलली तर नवऱ्याला उत्तर तरी देता येतं. न बोलणाऱ्या बायकोपुढे गॅरेज बांधायचं कबूल करावं लागतं.

"पुढच्या हिवाळ्यात तुला काच खरवडावी लागणार नाही," मी म्हणालो. "मी गॅरेज बांधतो."

"तू?"

"म्हणजे ताल्कोत करू. सगळे मिळून."

"मग बाबांना बोलवावं लागेल," सिर्कु म्हणाली आणि कामाला निघून गेली.

इथेच घोडं अडलं. ताल्कोत म्हणजे चार माणसं जमवून काम उरकायचं आणि मजुरीऐवजी त्यांना पोटभर वाटाण्याचं सूप, कॉफी आणि शेवटी लाकडं पेटवून तापवलेला सॉना, म्हणजे घाम काढायची वाफेची खोली, द्यायचा. यात मला अडचण नाही. अडचण आहे ती आमच्या सासऱ्यांची. आर्मास जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. घरातलं खुर्चीपासून होडीपर्यंत सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. मी नगरपालिकेत बांधकाम-परवान्यांच्या टेबलावर बसतो, म्हणून ते मला ओस्मो या माझ्या चांगल्या नावाने हाक न मारता 'नगरपालिका' म्हणतात. लग्न झाल्यापासून या कुटुंबात जेवढी ताल्कोतं झाली, तेवढ्यांत त्यांनी माझ्या हातात एकच हत्यार दिलं आहे, ते म्हणजे सुपाची पळी. "नगरपालिका, तू सूप बघ." मेव्हण्याचं छप्पर झालं, मावससासूची विहीर झाली, मी सूप बघत राहिलो.

पण या वेळी घर माझं होतं, जागा माझी होती. या वेळी हातोडी माझ्या हातात असणार, असं मी ठरवून टाकलं.

नकाशा मी स्वतः काढला. आमचं घर रस्ता आणि तळं यांच्या मधोमध आहे, तेव्हा गॅरेजचं दार रस्त्याकडे काढायचं हे सांगायला नगरपालिका लागत नाही. स्वतःच्या नकाशावर स्वतःच शिक्का मारू नये म्हणून तो शेजारच्या टेबलावरच्या वेसाकडून मारून घेतला. सप्टेंबरात काँक्रीटचा चौथरा झाला. भिंतींच्या तयार चौकटी आणून अंगणात रचल्या. दार कुठल्या टोकाला येणार हे सगळ्यांना कळावं म्हणून रस्त्याच्या बाजूला लाल फीत बांधलेला खुंटा ठोकला. ताल्कोताच्या आदल्या दिवशी खडीचा ट्रक आला, त्याच्या चाकाखाली खुंटा येऊ लागला, म्हणून मी तो उपटून तळ्याकडच्या टोकाला ठोकून ठेवला. सकाळी परत जागेवर लावायचा, असं मनाशी घोकलं.

सकाळी पाहतो तर वाटाणे रात्री भिजत घालायचेच राहिले होते. आता ज्याला वाटाण्याचं सूप ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. सिर्कु पहाटेच कामावर गेलेली. मी पातेल्यापाशी उभा, आणि एवढ्यात पाहुणे हजर. सासरेबुवा, वेसा आणि शेजारचा तापियो. तिघांनी अंगणात उभ्याउभ्या कॉफी घेतली. तिघांनी लाल फितीकडे पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं, मग खिडकीत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी पळी हलवून त्यांना प्रोत्साहन दिलं.

"सगळं ठीक ना?" मी ओरडून विचारलं.

"ठीक," आर्मास म्हणाले. त्यांच्या हिशेबाने हे भाषण झालं.

मी हातोडी घेऊन बाहेर पडणार तोच ते दारात आले. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"तळाला लागतंय."

"नाही हो."

"लागतंय. नगरपालिका, तू सूप बघ."

झालं. वाटाण्याचं सूप असं असतं की ढवळायचं थांबलात की ते तळ धरतं, आणि ढवळत राहिलात तर तुमचं आयुष्य निघून जातं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेजची फक्त लांबट बाजू दिसते, दोन्ही टोकं दिसत नाहीत. ती बाजू माझ्या डोळ्यांदेखत सरळ उभी राहिली, तिला फळ्या लागल्या. पलीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. मला भरून आलं. ही माणसं स्वतःची सुट्टी सोडून माझ्या वचनासाठी राबत होती, आणि सासरे तर इतक्या झपाट्याने काम करत होते की मला नवल वाटलं. मध्येच ते शीळ घालत होते. लग्नात मी त्यांना शीळ घालताना पाहिलं नव्हतं. (माझ्या लग्नात घालायचं काही कारणही नव्हतं.)

दुपारी सगळे आत जेवायला आले. सूप, वर मोहरीची चटणी, मग भट्टीतलं जाड धिरडं आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा.

"दार रुंद ठेवलंय," तापियो धिरडं कापता कापता म्हणाला.

"रुंदच हवं."

"तिथून दिसतं छान."

आमच्या खडबडीत रस्त्याबद्दल आजवर कोणी चांगलं बोललं नव्हतं. "आवडतो मला तो देखावा," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी बघतो."

तापियोने वेसाकडे पाहिलं. वेसाने धिरड्याकडे पाहिलं. आर्मासनी दुसऱ्यांदा सूप मागितलं, हेसुद्धा प्रथमच घडत होतं.

दुपार कलली तेव्हा आढं चढलं, आणि मला बाहेरून हाक आली. "नगरपालिका, ये. शेवटचा खिळा तू मार." आर्मासनी स्वतःची हातोडी माझ्या हातात ठेवली. लाकडी दांडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. मी खिडकीच्या बाजूने शिडी लावून चढलो. मला उंचीची भीती वाटते, त्यामुळे डोळे त्या खिळ्यावरून हलू दिले नाहीत. चौथ्या की पाचव्या घावाला तो खिळा थोडा वाकडा का होईना, आत गेला.

"राहू दे," मी हातोडी परत करायला लागलो तेव्हा सासरे म्हणाले. "तुझ्याकडेच ठेव."

मी खाली पाहत, एकेक पायरी चाचपत उतरलो आणि थेट सॉना पेटवायला पळालो, कारण माझे डोळे पाणावले होते आणि ते धुरामुळे पाणावले असं म्हणायची सोय तिथेच होती.

सॉनात आम्ही नेहमीप्रमाणे घाम गाळला. अंग भाजून निघालं तसे धक्क्यावरून तळ्यात उतरलो. पाणी असं गार की शिवी सुचत नाही. मी गळ्यापर्यंत बुडून मागे वळलो आणि पाहतो तर काय, सांजेच्या उन्हात माझं गॅरेज उभं. नव्या लाकडाचा पिवळा रंग, आणि मधोमध ऐसपैस, देखणं दार. काय सुंदर दार आहे, मी मनात म्हणालो. इथून किती छान दिसतंय.

इथून का दिसतंय, हे सुचायला मला आणखी थोडा वेळ लागला.

शेजारी तापियो आणि वेसा डोकी वर काढून तरंगत होते. आर्मास धक्क्यावर टॉवेल गुंडाळून बसले होते.

"दार इकडे कसं?" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"खुंटा इथे होता," तापियो म्हणाला.

"पण तळ्याकडे? गाडी काय पाण्यातून येणार? तुम्हाला विचित्र वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

मी वेसाकडे वळलो. "अरे, नकाशावर तू स्वतः शिक्का मारलास. दार रस्त्याकडे होतं ना?"

"होतं. म्हटलं, बदललं असेल. सोमवारी सुधारित नकाशा आणशील."

दुसऱ्याच्या घरच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आमचा देशधर्म आहे. इतर ठिकाणी लोक मूग गिळून गप्प बसतात. इथे त्यांना मी स्वतः सकाळपासून ढवळून वाटाणे गिळायला घातले होते.

आता वर जाऊन सांगायचं, उद्या रस्त्याकडची भिंत कापायची, तळ्याकडची बुजवायची, असा विचार करत मी धक्क्यावर चढलो. तेवढ्यात आर्मास बोलू लागले. माझ्याकडे न बघता, तळ्याकडे बघत.

"सकाळी खुंटा पाहिला तेव्हाच कळलं मला. होडीसाठी आहे ना?"

त्यांची होडी मी सांगायला विसरलोच. ती त्यांनी सिर्कुच्या आईसाठी बांधली होती, तिचंच नाव दिलं होतं, हिल्का. सासूबाई गेल्या, घर विकलं, आर्मास शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि होडी इमारतीच्या मागे ताडपत्रीखाली उपडी पडून राहिली. तिथले रहिवासी दर वसंतात ती हलवा म्हणून कुरकुर करतात. आर्मास दर रविवारी ताडपत्री उचलून आत बघतात आणि परत झाकतात.

"कोणी विचारलंसुद्धा नव्हतं त्या होडीचं," ते म्हणाले. "तू न सांगता केलंस, ओस्मो."

ओस्मो. मी तिथे ओला, उघडा, थंडीने कुडकुडत उभा होतो आणि माझं नाव ऐकत होतो. अशा वेळी सत्य बोलणारी माणसं जगात असतील. त्यांना माझा नमस्कार.

"हो," मी म्हणालो. "होडीसाठीच."

सिर्कु कामावरून आली तेव्हा आम्ही सॉसेज भाजत होतो. तिने गाडी थेट गॅरेजपुढे आणून थांबवली. समोर सलग, भक्कम फळ्यांची भिंत होती. तिने दिवे लावून पाहिली, खाली उतरून पाहिली.

"दार कुठाय?"

दिवसभरात मला दाराबद्दल विचारणारी ती पहिलीच. आर्मास तिला हाताला धरून पलीकडे घेऊन गेले. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

"खुंटा?" तिने हळूच विचारलं.

"ट्रक आला होता," मी म्हणालो.

तिने माझ्या ताटात सर्वांत मोठं सॉसेज वाढलं आणि तो विषय कायमचा संपला.

वचन मात्र मी पाळलं. त्या हिवाळ्यात सिर्कुला एकदाही काच खरवडावी लागली नाही. ती चहा पीत खिडकीत उभी असायची आणि अंगणात मी खरवडत असायचो. मागे हिल्का कोरड्या जागी, दोन लाकडी घोड्यांवर, गोधडी पांघरून आरामात झोपलेली असायची. एकदा कडाक्याची थंडी पडली तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. "आत वारा लागत नाही ना?" मी म्हणालो, मला फार लागतो. ते म्हणाले, तुझं नाही विचारलं.

वसंतात बर्फ वितळला, होडी पाण्यात उतरली, आणि एका शनिवारी आर्मास तापियोला आणि वेसाला घेऊन दारात उभे राहिले. सोबत लाकडाने भरलेली ट्रॉली.

"आता गाडीसाठी बांधू," ते म्हणाले. "पोर किती दिवस चहा पीत खिडकीत उभी राहणार?"

मी धावत जाऊन ती गुळगुळीत दांड्याची हातोडी घेऊन आलो. सासरे रस्त्याच्या बाजूला वाकून लाल फितीचा खुंटा रोवत होते. त्यांनी हात पुढे केला, मी हातोडी दिली, त्यांनी खुंटा ठोकला.

"या वेळी मीच ठोकतो," ते म्हणाले. "ट्रक आला तरी हलणार नाही."

मी चमकलो. ट्रकाबद्दल मी फक्त सिर्कुला बोललो होतो.

"म्हणजे चुकून झालं हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्या दिवशी सकाळीच. खुंट्याचं जुनं भोक दिसत होतं की रस्त्याकडे, शेजारी ट्रकच्या चाकांचे वळ."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." त्यांनी एकदा तळ्यातल्या होडीकडे पाहिलं, मग हातोडी स्वतःच्या कमरेला खोचली आणि ट्रॉलीतून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत वाटाणे होते, आणि ते रात्रीच भिजवलेले होते.

"चल, ओस्मो," ते म्हणाले. "सूप बघ."