सिकंदर, काश्यप गोत्र

जग जिंकायला निघालेल्या सिकंदराचं श्राद्ध दरवर्षी सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कामगाराच्या गच्चीवर घातलं जातं. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, सत्तावीस वर्षं शिकवतोय. तरी ही माहिती मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नाही. ती कावळ्यांमुळे मिळाली.

आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. वडिलांचं पान गच्चीवर ठेवून मी कावळ्याची वाट बघत उभा होतो. तासभर झाला तरी एक कावळा फिरकेना. शेजारच्या कठड्यावर मात्र ओळीनं सहा पानं मांडलेली, आणि गल्लीतले झाडून सगळे कावळे तिकडे पंगतीला बसलेले. शेजारी म्हणजे अंबय्या येमूल. त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो.

"मामा, घरातली बरीच मंडळी गेलेली दिसतायत," मी म्हणालो.

"घरातलं एकच हाय की, सर. आमचे वडील." मामांनी एकेका पानाकडे बोट केलं. "हे सिकंदरचं. हे नेपोलियनचं. हे त्या मॅगेलनचं, जगाला चक्कर मारायला निघाला आन् मधीच गेला बघा, तो. हे जोन, फ्रान्सची पोरगी. लई लहान होती ओ. आन् हे कॉन्स्टँटिनोपलचा शेवटचा बादशाह."

चौतीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढल्यामुळे मामांना हळू बोलता येत नाही. त्यामुळे ही यादी चार गच्च्यांवर ऐकू गेली. कोणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. गल्लीला सवय होती.

"आणि चंगीझखान राहिला का?" मी थट्टेनं विचारलं.

"त्याचं न्हाय करत. त्याच्या मागं लई माणसं हायत."

मामांचा नियम एवढा एकच. माणूस किती मोठा होता, भला होता की क्रूर, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कोणाचंही नाव काढा, ते पहिला प्रश्न विचारणार, "त्याच्या मागं कोण?" घरापासून लांब गेला आणि मागं करणारं कोणी उरलं नाही, असा माणूस असेल तरच त्याला मामांच्या कठड्यावर जागा. सिकंदराला मुलगा होता, हे मी एकदा मोठ्या तोऱ्यात निदर्शनास आणून दिलं. "व्हय. त्याला बी मारलं की लोकांनी," मामा म्हणाले, आणि सिकंदर आपल्या जागी कायम राहिला. नेपोलियनच्या पानावर भाताबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. तो बेटावर हाय, वाटेत टिकायला पाहिजे, हे त्याचं कारण.

हे सगळं मामांना मिळालं ते रद्दीतून. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलांच्या गठ्ठ्यात घालायला म्हणून आणलेल्या रद्दीत जगाच्या इतिहासाचे दोन जाडजूड ग्रंथ निघाले. मालकाला विचारून मामांनी ते घरी आणले. शाळा त्यांनी सातवीत सोडलेली, पण ते दोन ग्रंथ त्यांनी इतक्या वेळा वाचलेत, की पानं दुमडून दुमडून त्यांचा कागद धुतलेल्या कापडासारखा मऊ झालाय. पुढं नातेवाइकांकडून, जुन्या बाजारातून आणखी पुस्तकं येत गेली.

सुरुवातीला एका गुरुजींना बोलावून मामांनी हे सगळं रीतसर करायचा घाट घातला होता. गुरुजी चिडले. गोत्राशिवाय संकल्प होत नाही, म्हणाले.

"गोत्र माहीत नसलं तर काय म्हणतात?" मामांनी विचारलं.

"काश्यप म्हणतात."

"मग म्हणा की. सिकंदर, काश्यप गोत्र."

गुरुजींनी शेवटचा फास टाकला. बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव लागतं. मामांनी श्वाससुद्धा न घेता सांगितलं, "बाप फिलिप. आजा अमिंटस. पणजा अ‍ॅरिडियस." गुरुजी म्हणाले, माझ्या यजमानांतल्या निम्म्यांना स्वतःचा पणजोबा सांगता येत नाही हो. संकल्प मात्र त्यांनी सांगितला नाहीच. चहा घेऊन गेले. तेव्हापासून मामा आपलं आपणच पाणी सोडतात.

या माणसाचं काय करावं हे मला कळत नसे. आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला मी त्यांना हौसेनं नेलं. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं, आणि सत्कारमूर्तीला नमस्कार करताना मामांनी सभागृह दणाणेल अशा आवाजात विचारलं, "मागं कोण हाय तुमच्या?" साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आणखी एकदा मी घाईत, दारातल्या दारात, नेपोलियन एल्बा बेटावर मेला असं म्हणून गेलो. मामा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पुस्तक घेऊन आले, सेंट हेलेनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाला भलत्या गावात मारू नका ओ, सर. घरची माणसं तितं शोधत बसतील."

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये निदान पन्नास वेळा सांगितला असेन. हातवारे करून, त्यांचा आवाज काढून. सगळे पोट धरून हसायचे. त्याची मला आज लाज वाटते. कारण मग एक दिवस माझ्या बायकोनं मला श्रीनूबद्दल सांगितलं.

लक्ष्मीमामी, म्हणजे मामांची बायको, दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसते. माझी बायको दुपारी तिच्याशेजारी जाऊन बसते. मामी बोलत नाही फारशी, बोटं चालू असतात. त्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं, की त्यांना एक मुलगा आहे. श्रीनिवास. एकोणीस वर्षांचा असताना मागावर काम करायला भिवंडीला गेला. दोन महिने दर रविवारी फोन आला. मग आला नाही. मामा दोनदा जाऊन आले, खोली शोधली, कारखाना शोधला, पोलिसात दिलं. खोलीतल्या पोरांनी सांगितलं, तो दुसऱ्या कामाला जातो म्हणून गेला. कुठं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

आणि सिकंदर कठड्यावर आला तो त्याच्या पुढच्या भाद्रपदात.

हे ऐकल्यावर मी शाळेत मामांची नक्कल करणं बंद केलं. त्यांच्याशी मात्र काही बोललो नाही. काय बोलणार होतो? इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल त्यांनी मला सांगितलं ती सगळी माणसं दुसऱ्यांची होती, आणि त्यांच्या आडून ते कोणाकडे बघत होते, हे मला, इतिहासाच्या मास्तरला, एकदासुद्धा दिसलं नव्हतं.

यंदा श्रावणात श्रीनूचा फोन बंद झाल्याला बारा वर्षं पूर्ण झाली. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचं काय करायचं ते शास्त्रात सांगितलेलं आहे. दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, आणि मोकळं व्हायचं. मामांचा धाकटा भाऊ राजेशम हे घेऊन बसला होता. तो वाईट माणूस नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि पोराचं असं लटकत ठेवून घरात शुभकार्य नको, असं समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं. गुरुजी ठरले, अमावास्येच्या आधीचा रविवार ठरला. मामांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. आणि मामीनं जेवण सोडलं होतं.

शुक्रवारी सकाळी मामा माझ्याकडे आले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"सर, असं कोणी हाय का? सगळ्यांनी मेला म्हणून सोडलं, आन् परत आला?"

"तुम्हाला माहीत नाही असं मला काय माहीत असणार, मामा? जपानचा तो सैनिक, युद्ध संपलेलं न कळल्यामुळे लपून राहिलेला..."

"तो हाय. मी हिला सांगितलं. ती म्हनती, त्याला आणायला त्याचा साहेब गेला होता जंगलात. श्रीनूला आणायला कोणता मुकादम जाणार?" मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पुस्तकात राजे परत येतात. शिपाई येतात. मला कामगार पाहिजे, सर. साधा. कामाला गेला आन् आला, असा."

"तुम्हाला काय वाटतं? श्रीनू..."

"मला काय वाटतं ते राहू द्या. ती चार दिवस झाले जेवली न्हाय."

दोन दिवस मी शोधलं. शाळेचं ग्रंथालय उलथंपालथं केलं, मोबाइलवर डोळे दुखेपर्यंत वाचलं. राजपुत्र सापडले, खलाशी सापडले, युद्धकैदी सापडले. साधा कामगार एकही सापडला नाही. आला असेल तर तो घरात गेला असेल, जेवला असेल, दुसऱ्या दिवशी कामाला लागला असेल. कोण लिहून ठेवणार?

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. पुढच्या खोलीत राजेशम बसला होता. कोपऱ्यात दर्भाची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. मामी भिंतीला टेकून बसली होती. सूप बाजूला, हात मांडीवर रिकामे. तिचे हात रिकामे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि सत्तावीस वर्षं वर्गात ज्यानं एक सन इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्या मी तोंड उघडलं.

"फ्रान्समध्ये ल्यों म्हणून गाव आहे. आपल्यासारखंच, विणकरांचं. तिथला एक पोरगा होता, पियेर. मागावर काम करायचा. दुसऱ्या गावी कामाला गेला आणि त्याची खबर बंद झाली. चर्चच्या वहीत मेला म्हणून लिहिलं, घंटा वाजवली. आणि चौदा वर्षांनी, एका दुपारी, आला."

"चौदा वर्षं?" राजेशम म्हणाला. "मग इतके दिवस का न्हाय आला?"

हा प्रश्न मी हिशेबात धरलाच नव्हता.

"लाजेनं," मी म्हणालो. "जिथं गेला तिथं काम मिळालं नाही. मग आजारी पडला. रिकाम्या हातानं कसं जायचं, असं वाटायचं त्याला. एक वर्ष गेलं, दोन गेली. मग जास्तच लाज वाटायला लागली."

राजेशम माझ्याकडे बघत राहिला. शहाणा माणूस आहे तो. "हे कुठल्या पुस्तकात हाय, सर?"

त्या घरात भिंतीला लागून पुस्तकांची चळत होती, आणि त्यातलं पान न् पान पाठ असलेला माणूस माझ्या समोर बसला होता. मी खाली बघितलं.

"हाय," मामा म्हणाले. नेहमीच्या, मागाच्या वरच्या आवाजात. "मी वाचलंय."

राजेशमनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग त्यानं दर्भाची जुडी उचलून पिशवीत घातली. गुरुजींना फोन करतो म्हणाला आणि बाहेर जाऊन चपला घालू लागला.

मामी तशीच बसून होती. तिला आमचं बोलणं ऐकू आलं की नाही, हेच मला कळेना. मी उठणार तेवढ्यात तिनं मान वर केली.

"तो आला तवा," मामीनं विचारलं, "त्याची आई होती का?"

"होती, मामी," मी म्हणालो. "तिनंच दार उघडलं."