हाडके सरांची फिरती

ज्या वस्तूची तपासणी होते ती वस्तू असावी लागते. ज्या वस्तूची तपासणी रोज होत नाही ती रोज असावी लागत नाही. शिक्षणाच्या कारभाराचा डोलारा या एकाच तत्त्वावर उभा आहे. ते तत्त्व सगळ्यांना कळतं, पण वळवून दाखवलं ते एकट्या शिक्षण मंडळाच्या प्रमुखांनी. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत.

मंडळाच्या चव्वेचाळीस शाळा होत्या. प्रत्येक शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा व्हावी म्हणून वरून निधी आला, तेव्हा साहेबांनी शांतपणे विचार केला. वरचे तपासनीस एका दिवशी एकाच शाळेत येतात. म्हणजे एका दिवशी एकच प्रयोगशाळा दिसते. बाकीच्या त्रेचाळीस त्या दिवशी कुणी बघत नाही, आणि कुणी न बघितलेली प्रयोगशाळा म्हणजे शुद्ध उधळपट्टी. म्हणून त्यांनी एक प्रयोगशाळा घेतली, ती वाहून न्यायला एक ट्रक घेतला, आणि उरलेल्या निधीतून कचेरीला एक गारेगार सभागृह बांधलं. (तिथे काटकसरीवर व्याख्यानं होतात.)

ज्या शाळेची तपासणी असेल तिथे आदल्या दिवशी दुपारी ट्रक येई. सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, बरणीतला बेडूक, भिंतीवरचे तक्ते, दारावरची 'प्रयोगशाळा' अशी पाटी, सगळं तासाभरात लागे. प्रयोगशाळेला प्रयोगशाळेचा वास यावा म्हणून एका बाटलीत वाससुद्धा वेगळा आणलेला असे; तो शिपाई कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडी. तपासनीस 'अ' श्रेणी देऊन जेवायला बसले, की मागच्या दाराने ट्रक पुढच्या शाळेला. या सगळ्या लवाजम्याचा मानकरी होता एक पुरुषभर उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा. मुलं त्याला 'हाडके सर' म्हणत. चव्वेचाळीस शाळांत कधीही कुणावर न ओरडलेले ते एकमेव सर होते.

विज्ञानाच्या बाई या व्यवस्थेत एका पिनेमुळे सापडल्या. बाई तशा निरुपद्रवी. एकच खोड होती: चुकलेलं उत्तर समोर दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. भाजीवाल्याच्या पाटीवरचं ऱ्हस्व-दीर्घ त्या खडूने नीट करून यायच्या, आणि भाजीवालाही काही म्हणायचा नाही, कारण तेवढ्या वेळात त्या भाजी निवडत बसत नसत. जुन्या शाळेत असताना एका तपासणीच्या दिवशी हाडके सरांचं डावं मनगट निखळलं. बाईंनी केसातली पिन काढून ते जागेवर बसवलं. पुढे बदली होऊन त्या घराजवळच्या शाळेत आल्या. तिथेही यथावकाश तपासणी ठरली, ट्रक आला, प्रयोगशाळा लागली, आणि हाडके सरांच्या डाव्या मनगटात बाईंना आपली पिन दिसली. बाई एक वेळ माणूस विसरेल, पण स्वतःची पिन विसरत नाही.

घरी त्यांनी हे जेवताना सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. खालची ओळ दिसत नाही, हे रोज दहा जणांकडून ऐकून ऐकून न दिसण्याबद्दल त्याच्या मनात राग उरला नव्हता. तो म्हणाला, जाऊ दे, सगळ्यांनाच दिसतंय असं नाही. सासूबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं, "पिन परत आणलीस का?"

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक सज्जन होते आणि निवृत्तीला आले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाचा आवाज फार मऊ होतो.

"बाई, मला सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर मी काही बोलत नाही. माहीत नसतं तर एव्हाना चौकशी केली असती."

माहीत असून जो बोलतो त्याला हल्ली 'जागल्या' म्हणतात. पूर्वी जागल्या म्हणजे रात्री जागून राखण करणारा. चोर आला की तो ओरडायचा आणि चोर पळायचा. आता जागल्या ओरडला की त्यालाच पळावं लागतं, एवढाच काय तो फरक. मंडळात जागल्यांसाठी स्वतंत्र कक्ष होता. तो साहेबांच्या केबिनमध्येच, पडद्याच्या अलीकडे होता, म्हणजे तक्रारदाराची पायपीट वाचावी. तक्रारदाराचं नाव काटेकोरपणे गुप्त ठेवलं जाई. त्यासाठी ते आधी घ्यावं लागे, कारण नावच माहीत नसेल तर गुप्त काय ठेवायचं? नाव घेतल्यावर ते गुप्त ठेवण्याची सूचना सर्व शाळांना नावानिशी जाई. बाईंनी तक्रार दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिपायापासून पालकांपर्यंत सगळे त्यांना 'गुप्त बाई' म्हणून ओळखू लागले.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. चहा मागवला, मुलांची चौकशी केली, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत तेही विचारलं. (सासूबाईंना गुडघे आहेत हे मंडळाला कसं कळलं, या विचाराने बाईंचा चहा गार झाला.) मग साहेब गहिवरून म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी माणसं म्हणजे या मंडळाचा कणा आहे."

"तोही एकच आहे साहेब," बाई म्हणाल्या. "आज कुठल्या शाळेत आहे तेवढं बघावं लागेल."

यानंतर बाईंचा गौरव सुरू झाला. त्यांच्या अनुभवाचा सर्वांगीण उपयोग व्हावा म्हणून विज्ञानाचे तास काढून घेऊन त्यांना कवायत आणि शिवण देण्यात आलं. मधल्या सुट्टीत नळ ठिबकतात का ते बघण्याची जबाबदारी सन्मानपूर्वक सोपवण्यात आली. आणि मग 'कारणे दाखवा' नोटीस आली. आरोप असा की, मंडळाच्या मालकीच्या सांगाड्याच्या मनगटात विनापरवाना खाजगी पिन घालून बाईंनी सार्वजनिक मालमत्तेत फेरफार केला. दुसरा आरोप खोटी तक्रार केल्याचा. ती खोटी की खरी हे ठरवायला चौकशी समिती नेमली गेली. प्रत्येक शाळेत जाऊन प्रयोगशाळा आहे की नाही हे समिती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. सगळीकडे असली, तर बाईंची नोकरी जाणार होती.

समिती निःपक्षपाती होती. तिचे दौरे सगळ्या शाळांना आधीच कळवले जात. काहींना कळवायचं आणि काहींना नाही, असा पक्षपात नव्हता. समिती आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, आणि ती जेवायला बसली की ट्रक पुढच्या मुक्कामाला. शाळेमागून शाळा झाल्या, प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा सापडली. सदस्यांना हाडके सरांचा लळा लागला. अहवालात 'सांगाडा: आहे' एवढंच लिहायचं होतं, तिथे 'सांगाडा: उत्तम, हसतमुख' अशा नोंदी येऊ लागल्या. बाईंना घरी कवायतीच्या शिट्टीचं स्वप्न पडू लागलं. नवरा न विचारता भांडी घासू लागला, यावरून प्रकरण गंभीर आहे हे त्यांना कळलं. एकदा तो हळूच म्हणाला, माफी मागून बघतेस का, पिनेपुरती. बाईंनी ते मनावर घेतलंही होतं. वीस वर्षं शिकवल्यानंतर खोटारडी म्हणून घरी बसायचं, यापेक्षा पिनेची माफी स्वस्त होती.

अशा एका संध्याकाळी त्यांची दोन्ही मुलं एका कंपासपेटीसाठी भांडत होती. आजवर दोघांत एकच पेटी आहे हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण एकाची शाळा सकाळची आणि दुसऱ्याची दुपारची. आज दोघांनाही भूमितीचा गृहपाठ होता. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "दोघांना एकदम भूक लागली की कळतं पातेल्यात किती आहे ते."

बाई हातातलं शिवण तसंच धरून बराच वेळ सासूबाईंकडे बघत राहिल्या. सासूबाईंना वाटलं, आपलं काही चुकलं.

पुढच्याच आठवड्यात सभागृहात सगळ्या शिक्षकांची सभा होती. साहेबांना वरून 'आदर्श प्रशासक' हा किताब मिळायचा होता आणि त्याआधी समितीचा अहवाल हातात पडणं इष्ट होतं. बाई उभ्या राहिल्या. नळ, कवायत, पिन, यातलं काही त्या बोलल्या नाहीत. समितीच्या कष्टांचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. वेळेची बचत हे साहेबांचं ब्रीद आहे याची आठवण दिली, आणि सुचवलं की आता दोनच शाळा उरल्या आहेत, तर समितीने दोन तुकड्या करून दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळी बघून टाकाव्यात; किताबाच्या आत काम फत्ते. सदस्यांचा एक दिवस वाचणार होता, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून सगळ्या सभेने वाजवल्या. साहेब काही बोलायला उठले होते, पण लोकांना वाटलं ते आभार मानायला उठले आहेत, म्हणून टाळ्या आणखी वाढल्या.

पाहणीच्या दिवशी सकाळी मंडळाच्या उपप्रमुखांनी ट्रकवाल्याला कानमंत्र दिला: अर्धं इथे, अर्धं तिथे. ट्रकवाला हुकमाचा ताबेदार. त्याने सूक्ष्मदर्शकाची नळी एका शाळेत उतरवली आणि बैठक दुसऱ्या शाळेत. तक्ते मधोमध दुमडून फाडले. बेडूक तेवढा एकाच शाळेला मिळाला, बरणी दुसरीला. हाडके सर कमरेतून सुटत होते, ती त्यांच्या बांधणीची सोय होती. वरचे हाडके सर बाईंच्या शाळेत खिळ्याला लटकले, खालचे दुसऱ्या शाळेत स्टँडवर उभे राहिले.

दोन्हीकडे खुलासे तयार होते. बाईंच्या शाळेत उपप्रमुखांनी स्वतः सांगितलं की इथे सातवीपर्यंतच वर्ग आहेत, त्यामुळे अभ्यासक्रम कमरेपर्यंतच आहे. दुसऱ्या शाळेत सांगण्यात आलं की पहिल्या सत्रात पाय घेतात, वरचा भाग नीट वेळ देऊन दुसऱ्या सत्रात घ्यायचा असतो. दोन्ही तुकड्यांचं पूर्ण समाधान झालं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांना अन्यायाचं, लबाडीचं, कशाचंच फारसं काही वाटत नसे. फक्त चुकलेली बेरीज बघवत नसे. संध्याकाळी सभागृहात दोन्ही तुकड्यांचे अहवाल त्यांच्यासमोर आले. एकात लिहिलं होतं, 'सांगाडा: वरचा अर्धा.' दुसऱ्यात, 'सांगाडा: खालचा अर्धा.' अध्यक्षांनी सवयीने बेरीज केली. एक आला. पुन्हा केली. पुन्हा एकच आला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, दोन्ही अर्धे इथे आणा.

आणले. जोडले. हाडके सर सभागृहाच्या मधोमध उभे राहिले, आणि त्यांच्या डाव्या मनगटात बाईंची पिन दिव्याखाली चमकली.

"कालच्या शाळेतल्याला पण पिन होती," एक सदस्य हळू आवाजात म्हणाले.

"परवाच्यालाही," दुसरे म्हणाले. मग सगळेच मनात मागे मागे मोजू लागले.

किताबासाठी साहेबांचा फोटो काढायला वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आलेला होता. त्याने साहेब आणि हाडके सर यांचा शेजारी शेजारी फोटो काढला. सकाळी तो पहिल्या पानावर आला. खाली ओळ होती: 'मंडळाचे प्रमुख (उजवीकडे).'

न्याय झाला, हे सांगायला नकोच. साहेबांची मंडळातून तडकाफडकी उचलबांगडी होऊन त्यांना वर, तपासनीसांच्या खात्यात घेण्यात आलं; तपासणीतलं इतकं बारीक ज्ञान दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाईंवरचे आरोप मागे घेतले गेले, पिनेचासुद्धा. प्रकरण न्यायालयात गेलं आणि सबंध प्रयोगशाळा पुरावा म्हणून जप्त झाली. पुरावा सुरक्षित, चालू स्थितीत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली ठेवावा, असा हुकूम निघाला. जाणकार म्हणून बाई, आणि जागा म्हणून त्यांच्या शाळेतली ती रिकामी खोली. तेव्हापासून पुरावा चालू स्थितीत आहे की नाही हे बाई रोज दोन तास तपासतात, मुलांना घेऊन. मुलं पानाचा पापुद्रा काढतात, थेंबातले जीव बघतात, हाडके सरांशी हस्तांदोलन करतात. खटल्याची तारीख पुढे गेल्याचं कळलं की शाळेत आनंदीआनंद होतो. निकाल लागू नये म्हणून मनापासून झटणारी ही देशातली एकमेव फिर्यादी बाजू असावी.

बाकीच्या शाळांच्या श्रेण्या मात्र गेल्या. एका पालक बाईंनी विज्ञानाच्या बाईंना रस्त्यात गाठलं. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता.

"आमच्या मुलाच्या शाळेला 'अ' होता. तुमच्यामुळे आता काहीच नाही."

"अहो, आधीही काहीच नव्हतं."

"पण 'अ' होता ना."

बाईंना उत्तर दुरुस्त करायची सवय. पण याच्यात चूक म्हणून खूण नेमकी कुठे करायची ते त्यांना पहिल्यांदाच कळेना. त्या एवढंच म्हणाल्या की तुमच्याही शाळेत प्रयोगशाळा हवी असेल, तर तिथलं कुणीतरी बोललं पाहिजे. पालक बाईंना ते शंभर टक्के पटलं. कुणीतरी बोललंच पाहिजे, असं म्हणून त्या लगबगीने घरी गेल्या.

नव्या प्रमुखांनी आल्या आल्या एक सर्वेक्षण हाती घेतलं आहे. हे प्रकरण ज्यांनी वाचलं, वाचून जे मनापासून हसले आणि मग आपल्या कामाला लागले, त्या सगळ्यांची नोंद मंडळ 'समाधानी पालक' या रकान्यात करतं. आकडा समाधानकारक आहे, आणि आत्ताच त्यात एकाची भर पडली आहे. (मंडळ आपलं आभारी आहे.)