सहा पडदे आणि एक हरवलेलं नाटक

थॉर्वाल्ड ब्रेक्के यांच्या मते उत्तर मिनेसोटात दोघांपासून काहीच लपून राहत नसे. एक जानेवारीतली थंडी आणि दुसरे स्वतः थॉर्वाल्ड ब्रेक्के. "माझी नजर पडली," ते सांगत, "की निरपराध माणूससुद्धा आपण काय केलं ते आठवायला लागतो."

हे वाक्य लाइल हाउगनला पाठ होतं. थॉर्वाल्ड त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांनी गाडी दोनदा तळ्यात घातल्यापासून बहिणीने गाडीच्या किल्ल्या लाइलकडे दिल्या होत्या, आणि किल्ल्यांबरोबर भावोजीही. लाइलने उभी हयात शाळेची बस चालवली होती. मागे कोण कोणाला चिमटे काढतंय हे त्याला मान न वळवता कळायचं. भावोजींच्या दृष्टीने याला हेरगिरी म्हणत नाहीत.

भावोजी स्वतः पीकविम्याच्या कंपनीत गारपिटीचं नुकसान मोजायचे. एकदा आडवा झालेला मका पाहून त्यांनी जाहीर केलं की हे काम गारांचं नाही, माणसाचं आहे. पुढे ते गारांचंच निघालं, पण तोवर भावोजींनी 'खासगी गुप्तहेर' अशी कार्डं छापून घेतली होती. छापलेली कार्डं वाया घालवणं त्यांना पटेना. तेव्हापासून त्यांनी टॅमरॅक लेक गावातली बरीच प्रकरणं हाताळली. त्यातली बहुतेक एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर आपोआप सुटली. हरवलेली फावडी, हातमोजे, आणि एकदा तर संशयिताची मोटारसायकल.

त्या शनिवारी दुपारी गावच्या रेडिओ केंद्रातून फोन आला.

"थॉर्वाल्ड, माझं नाटक गेलं," मार्लिस टेंगवॉल म्हणाली. ती त्यांच्या शाळेतल्या वर्गातली, त्यामुळे कार्डाचा तिच्यावर काही परिणाम होत नसे. "शेवटचा भाग. संध्याकाळी पाचला तो थेट जायचाय. पोलिसांना बोलावण्याइतकं मोठं काही नाही, म्हणून तुला बोलावतेय."

"तिने योग्य माणूस निवडला," भावोजी लाइलला म्हणाले आणि टोपी चढवली.

मार्लिसची मालिका गाव तीन आठवडे ऐकत होतं. चर्चच्या तळघरातून कॉफीचा मोठा बंब नाहीसा होतो, आणि तो कोणी नेला हे शेवटच्या भागात कळणार असतं. कॅफेत, बँकेत, बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या तळावर लोक दुसरं काही बोलत नव्हते. त्यातच दोन चर्चमध्ये आधीच फारसं सख्य नव्हतं, आणि चोर आपल्या चर्चचा निघू नये म्हणून दोन्हीकडून मार्लिसला लिंबाच्या वड्यांचे डबे पोचले होते. आज पाच वाजता शेवट आला नाही, तर मार्लिसला त्याच डब्यांसकट गाव सोडावं लागलं असतं.

रेडिओ केंद्रात एकच संगणक होता. जुना, जाड काचेचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवणारा. त्याला माउस नव्हता, रंगीत चित्रं नव्हती. पण त्या एका यंत्राच्या पोटात सहा स्वतंत्र पडदे होते. ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि वरच्या ओळीतल्या एफ-वन ते एफ-सिक्सपैकी एक दाबायचं, की आपला पडदा समोर. आपलं नाव घालायचं, काम करायचं. कोणी मध्येच दुसऱ्या पडद्यावर गेलं तरी आपलं काम मागे जसंच्या तसं उघडं राहतं. प्रत्येकाचा पडदा ठरलेला होता, दाराजवळच्या कोटाच्या खुंट्यांसारखा. मार्लिसचा तिसरा. तळ्यावरच्या बर्फाची बातमी देणाऱ्या टोइवो लाहतीचा चौथा. आणि दुसऱ्याच्या पडद्यावर कोणी जात नसे. गोठलेल्या तळ्यावर दुसऱ्याच्या मासेमारीच्या खोपटात न बोलावता कोणी शिरतं का? तसंच ते.

लाइलने आत येताना पाहिलं, की मार्लिस कोट घालूनच बसली होती. खोली गरम ठेवणारी भट्टी सकाळी बंद पडली होती, ती आत्ता कुठे सुरू झाली होती. कोपऱ्यात टोइवो कॉफी पीत बसला होता. त्याने मान हलवली. टोइवोच्या बाबतीत हे भरपूर बोलणं होतं.

"सविस्तर सांग," भावोजी म्हणाले. "क्षुल्लक वाटणारं आधी."

"सकाळपासून लिहीत बसले. इतकी थंडी, की चामड्याचे मोठे हातमोजे घातले होते, तेच घालून लिहिलं."

"मोजे घालून?" लाइलने विचारलं.

"अंगठा आणि एक बोट बाहेर काढून. तेवढ्यात माझं भागतं. चोर कोण तेवढं लिहायचं राहिलं होतं, ते काही सुचेना. म्हणून घरी जाऊन सूप प्यायले. परत आले, माझा पडदा उघडला, तर हे."

तिसऱ्या पडद्यावर लिहिलेलं होतं:

*आठ इंच. ट्रक नेऊ नका. पूर्वेच्या खाडीत पर्च खुशीत. वॉलाय गप्प. जुन्या धक्क्यापाशी जाऊ नये.*

"नाटक साठवून ठेवलं नव्हतंस?" लाइल म्हणाला.

"शेवट लिहिल्याशिवाय मी नाव देऊन साठवत नाही. बाळ जन्मायच्या आधी बारसं करतात का?"

लाइलने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "भावोजी, मला तर ही टोइवोची बर्फाची बातमी वाटते. पर्च, वॉलाय हे तळ्यातले मासे."

भावोजी दयेने हसले. "तुला तसं वाटावं म्हणूनच ती तशी लिहिली आहे. वाच नीट. 'वॉलाय गप्प.' म्हणजे काय? साक्षीदाराचं तोंड बंद केलं. 'ट्रक नेऊ नका.' बंब अजून हलवू नका. आणि 'पर्च खुशीत'! लाइल, या गावात खुशीत कोण आहे?"

लाइलने विचार केला. जानेवारी होता. "कोणीच नाही."

"म्हणजे माणूस बाहेरगावचा!"

"पण भावोजी, बंब नाटकातला आहे. खरा बंब चर्चमध्येच आहे. मी काल त्यातलीच कॉफी प्यालो."

"कशी होती?"

"पाणचट."

"अदलाबदल झालीय," भावोजी पुटपुटले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी भिंग काढलं आणि कळफलकावर वाकले. एफ-थ्री आणि एफ-फोर यांच्या फटीत त्यांना तळलेल्या बटाट्याचा एक कुरकुरीत कण सापडला. तो त्यांनी चिमट्याने उचलून उजेडात धरला. "टेटर टॉट. आरोपी इथे बसून बटाट्याचा थर देऊन भाजलेली हॉटडिश खात होता. कण ताजा नाही, आणि वास..." त्यांनी वास घेतला. "जायफळ! हॉटडिशमध्ये जायफळ घालणारी बाई या जिल्ह्यात कोण आहे, ते शोधून काढा."

"माझी बहीण," लाइल म्हणाला. "मागच्या महिन्यात तुम्ही यंत्राची सुरक्षा तपासायला आला होतात. डबा इथेच उघडला होतात."

कण भावोजींनी खिशात टाकला. ते प्रकरण तिथेच मिटलं.

त्या तपासणीची लाइलला चांगली आठवण होती. पूर्वी प्रत्येक पडदा उघडला की वर एक ओळ येई: पडदा क्रमांक तीन, पडदा क्रमांक चार. "चोराला पत्ता कशाला सांगायचा?" असं म्हणून भावोजींनी सेटिंगच्या फाइलीतून ती ओळ काढायला लावली होती. बटणं लाइलने दाबली होती, हुकूम भावोजींचा होता. तेव्हापासून सहाही पडदे जुळ्या भावंडांसारखे दिसत. सगळीकडे तोच काळोख आणि तेच 'तुमचं नाव?'

"आता उलटतपासणी," भावोजी टोइवोसमोर खुर्ची ओढून बसले. "टोइवो, नाटक तू चोरलंस?"

"नाही."

"पुसलंस?"

"नाही."

"दुपारी कुठे होतास?"

"इथे."

"इथे कोणी परका माणूस आला?"

"नाही."

"काही संशयास्पद दिसलं?"

टोइवोने कॉफीचा घोट घेतला. "तुझी टोपी उलटी आहे."

भावोजींनी टोपी फिरवली. "स्वच्छ माणूस," त्यांनी निकाल दिला. "खोटं बोलायला जितके शब्द लागतात, तितके याच्याकडे नाहीतच."

मार्लिस हात चोळत होती. "थॉर्वाल्ड, चार वाजून गेले. नाही सापडलं तर मी माइकसमोर बसून काय बोलू? चोर कोण ते मलाही माहीत नाही! निदान आधीची पानं हातात असती तर त्यांच्या ओघात काही सुचलं असतं. आज चर्चच्या सगळ्या बायका रेडिओभोवती गोधडी शिवायला बसल्या आहेत. हातात सुया घेऊन, थॉर्वाल्ड!"

लाइलला तिची दया आली. भावोजींची तपासणी रंगात आली की माणसं रडकुंडीला येतात, हे त्याने आधीही पाहिलं होतं, पण मार्लिसच्या आवाजातली धास्ती नकली नव्हती.

भावोजी उठले. मधोमध उभे राहिले. हे ते निष्कर्षाच्या वेळीच करत.

"लाइल, दारं किती?"

"एक."

"बाहेरचं एक. पण यंत्राची सहा. आपण इतका वेळ तिसऱ्याच दाराकडे पाहत बसलो, आणि आरोपीला नेमकं तेच हवं होतं. तो बाहेर गेलेलाच नाही. तो आत आहे. उरलेल्या पाचांपैकी एका दाराआड नाटक घेऊन दबा धरून बसलाय."

"मग पाचही पडदे उघडून बघू या की," लाइल म्हणाला.

"दुसऱ्यांचे पडदे?" मार्लिस दचकली. "न विचारता?"

"शोभत नाही ते," भावोजी म्हणाले. "शिवाय आपण एक दार उघडलं की तो दुसऱ्यात सटकेल. नाही. सहाही दारं एकाच क्षणी बंद करायची. यंत्र पुन्हा चालू झालं की तो उघड्यावर सापडेल. लाइल, भिंतीतला प्लग उपट."

लाइल खाली वाकला. प्लग हातात धरला. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला मागे काहीतरी बिनसतंय हे कळतं. त्याने मान वळवली नाही, पण हात थांबला.

कोपऱ्यात टोइवोने कप बशीत ठेवला. घसा साफ केला. घसा बराच दिवस न वापरलेला होता, त्यामुळे त्याला वेळ लागला.

"प्लग काढलास," तो म्हणाला, "तर नाटक पण जाईल."

मार्लिस गर्रकन वळली.

"कुठलं नाटक?" मार्लिसने विचारलं.

"तुझं. माझ्या पडद्यावर आहे ते."

लाइलने प्लग सोडला, उठला, ऑल्ट दाबून धरलं आणि एफ-फोर दाबलं. पडदा पांढऱ्या अक्षरांनी गच्च भरला. चर्चचं तळघर, शिडीवर पाद्री, बंबाच्या रिकाम्या जागी धुळीत उमटलेलं वर्तुळ. खाली, शेवटच्या अर्ध्या वाक्यानंतर लुकलुकत उभा असलेला छोटा चौकोन. जसा सोडला होता तसाच.

"अरे देवा," मार्लिस म्हणाली आणि खुर्चीत बसली. "मोजे! तीनच्या ऐवजी चार दाबलं मी. आणि मला कळलंसुद्धा नाही, कारण पडद्यावर हल्ली नंबर..."

लाइल खोकला. भावोजी छताकडे पाहू लागले.

"पण टोइवो, तू पाहिलंस तेव्हाच सांगायचं नाही का?"

"दुपारी बातमी लिहायला आलो. माझ्या जागी तुझं नाटक. मला वाटलं, तुला माझा पडदा जास्त आवडत असेल. उठ कसं म्हणायचं? मग तुझ्या रिकाम्या जागी जाऊन लिहिलं." तो थांबला. इतकं बोलल्यावर त्याला दम लागला असावा. "लवकर आटपलं. तुझ्या जागेची सवय नाही."

"अरे, पण इतका वेळ मी तुझी उलटतपासणी घेत होतो!" भावोजी कडाडले. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"चोरलंस का विचारलंस. पुसलंस का विचारलंस. नाटक कुठे आहे ते कोणी विचारलंच नाही."

मार्लिस त्याच्याकडे पाहत राहिली. मग हळूच तिच्या चेहऱ्यावर तेच हसू उमटलं, जे लाइलने बसमध्ये फक्त नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी पाहिलं होतं. तिने कळफलक पुढे ओढला. मोजे काढून लांब फेकले.

"बाहेर व्हा सगळे," ती म्हणाली. "शेवट सापडला. आणि थॉर्वाल्ड, त्या प्लगपासून लांब राहा."

नाटक पाचच्या ठोक्याला सुरू झालं. लाइलने गाडी तळ्याकाठी उभी केली आणि रेडिओ लावला. भावोजी पुढे, टोइवो मागे. तिघांच्या मांडीवर लिंबाच्या वड्या, दोन्ही चर्चच्या.

नाटकातल्या बड्या तपासनिसाने दोन्ही चर्चमधल्या प्रत्येकावर एकेक करून आळ घेतला, आणि शेवटी चर्चच्या झाडूवाल्याने सांगितलं, की बंबाची तोटी गळत होती, म्हणून तो दुरुस्तीला टाकलाय. मग आजवर सांगितलं का नाही? त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

नाटक संपून संगीत वाजलं. गोधडी शिवणाऱ्या बायकांनी सुया खाली ठेवल्या असणार. आळ कोणाच्याच चर्चवर आला नव्हता.

"तो तपासनीस किती मूर्ख दाखवलाय!" भावोजी वडी चावत म्हणाले. "माणूस समोर बसलाय, आणि हा त्याला सरळ प्रश्न विचारत नाही. मार्लिसने हा कोणावर बेतला असेल रे लाइल?"

लाइलने पुढच्या काचेवरचा बर्फ पुसला. "कल्पना नाही, भावोजी."

"शेरीफवर," भावोजींनी निष्कर्ष काढला. "नक्कीच. मिशीवरून ओळखलं मी."

रेडिओवर मिशी दिसत नाही, हे लाइल बोलला नाही. मार्लिस लिहून उठल्यावर, केंद्रातून निघण्याआधी त्याने एवढंच केलं होतं, की सेटिंगच्या फाइलीत काढून टाकलेली ती ओळ परत घातली होती. आता पुन्हा प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर त्याचा क्रमांक येणार होता. चोराला पत्ता कळला तर कळो.

"टोइवो," त्याने आरशात पाहत विचारलं, "कसं वाटलं तुला नाटक?"

टोइवोने तळ्याकडे पाहत बराच वेळ विचार केला.

"वाईट नव्हतं," तो म्हणाला.

टॅमरॅक लेकमध्ये यापेक्षा मोठी स्तुती आजवर कोणाची झाली नव्हती. लाइलने गाडी वळवून पुन्हा रेडिओ केंद्राकडे घेतली. हे मार्लिसला आजच सांगायला हवं होतं, कारण तिने विचारल्याशिवाय टोइवो काही सांगणार नव्हता.