देवस्थळीकाका बर्गनला जातात

देवस्थळीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत तपासतात. चहा नंतर. खिशातून गवंड्याचा ओळंबा काढायचा, दोरी भिंतीशी धरायची, एक डोळा मिटायचा आणि भिंत जराही कलती दिसली की जाहीर करायचं, "आउट आहे!" कॅनडात हॅमिल्टनला आम्ही घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीचे मंत्र चालू असताना त्यांनी आमचा हॉल अर्ध्या इंचाने आउट ठरवला. माझा नवरा पुढे महिनाभर त्या भिंतीकडे संशयाने बघत होता.

काका स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. काकू जाऊन सहा वर्षं झालेली. देवाधर्माचं नाव काढलं की फटकन म्हणणार, "प्रूफ दाखव." एक रीत मात्र कवटाळून बसलेले: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता लेक मृणाल राहते नॉर्वेत, बर्गनला. तिला नि तिच्या नवऱ्याला, एरिकला, मूल नकोच आहे. त्यांनी कुत्रा पाळलाय. मागच्या खेपेला काका तिच्याच टेबलावर प्रवासातल्या उरलेल्या दशम्या खात बसले आणि ती आत जाऊन रडली.

२०१७च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नॉर्वेला निघालो, तर काका म्हणाले, "मीही येतो. जुनं बंदर बघायचंय." लगेच मृणालचा मला फोन. "ताई, बाबाला क्लिअर सांग. जेवणार असेल तरच घरी ये म्हणावं. पुन्हा तो डबा बघायची ताकद नाही माझ्यात." मी निरोप दिला. काका "बघू" म्हणाले आणि भर जूनमध्ये माझ्या गाडीच्या, बर्फात लागणाऱ्या विंटर टायर्सची चौकशी करायला लागले.

बर्गनचं बंदर म्हणजे काकांची चंगळ हो! व्यापाऱ्यांची शेकडो वर्षांची लाकडी घरं, एकमेकांवर रेललेली, एकही सरळ नाही. वरून पाऊस. काका छत्री माझ्या हातात देऊन, ओळंबा धरून ओरडतायत, "हे आउट! हेही आउट!" माल वर चढवायची जुनी कप्पी दिसली, तर विचारूच नका. हा जन्माचा शाकाहारी माणूस सुकवलेल्या मासळीच्या वखारीत तासभर रमला. असे दोन दिवस गेले. लेकीचं घर वीस मिनिटांवर आणि हे खांब मोजतायत!

तिसऱ्या दिवशी मी भडकलेच. "काका, पुरे झालं! कुत्र्याला नातू समजा आणि चला." ते हसले नाहीत. पण रेनकोट चढवला.

मृणालने साधाच बेत केला होता. आमटी, भात, बटाट्याची भाजी. काका पानावर बसले आणि आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. त्यांनी आमटीचा एक भुरका घेतला. वाटी खाली ठेवली. मृणालचा चेहरा उतरला.

"इट्स ओके, बाबा. नको असेल तर राहू दे."

"रीतबीत काही नाही गं," काका म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "मागच्या वेळी तू फोडणी घातलीस आणि थेट तुझ्या आईच्या आमटीचा वास आला. ती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एक घास घेतला असता तरी रडलो असतो, जावयासमोर. म्हणून ती रीत पुढे केली. मग मोडायची कशी, तेच कळेना."

मृणाल उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. "मग रड ना, बाबा."

काका रडले, अगदी मोकळेपणाने. एरिकला यातला एक शब्द कळला नसावा. त्याने न विचारताच काकांच्या भातावर आणखी आमटी वाढली, आणि काका नको म्हणाले नाहीत.